पोथीच्या फडक्यात टॅब

गुरुवार, संध्याकाळ. खारघर.

सकाळी आंघोळ करून लेकीनं दिलेल्या टॅबवर पोथी वाचायला बसलो आणि सवयीनं कुंकवाचं बोट लावलं. पान पळालं, तिसऱ्या अध्यायावरून थेट शेवटच्यावर! लेक हसली, "बाबा, देवाला एवढी घाई नाही हो." बायको म्हणाली, "कुंकू पोथीलाच लावा ना."

दिवसभर तेच कुंकू डोक्यात. वडिलांच्या पोथीतली अक्षरं आता चष्म्यानंही लागत नाहीत. पण टॅबवर वाचलेलं पोचतं का? वडील तर निम्मे अध्याय डोळे मिटूनच म्हणायचे. त्यांचं पोचायचंच की.

आत्ता पोथी चौरंगावर ठेवली, तिला कुंकू लावलं आणि टॅबवरून अख्खा अध्याय वाचला. मग दोन्ही एकाच लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली.