दुसऱ्या बुटाची माती

९ नोव्हेंबर
दादाची पिशवी आली हॉस्पिटलातून. शर्ट, घड्याळ, बूट. गावाजवळच्या बसच्या अपघातात दादा गेला त्याला आठवडा झाला, तरी गाठ सोडवेना. आईनं मात्र एक बूट लगेच मोरीत नेऊन खसाखसा घासला. दुसरा मी हिसकावूनच घेतला. माती तपासण्यात आयुष्य चाललंय माझं – तळ बघितल्याशिवाय बूट धुऊ देत नाही मी, कुणाचाच!

१० नोव्हेंबर
डोळ्याला डोळा नाही. बुटाच्या खाचांत तांबडी, खरखरीत माती आहे. आमच्या या गावाखाली काळा कातळ. तो झिजून झालेली माती काळी, चिकट – एकदा धरलं की सोडत नाही. बंदराकडे नुसती पांढरी वाळू. दादा तर बंदरावर काम बघायला जातो सांगून निघाला होता!

तांबडी माती डोंगरापलीकडची. तिथे खाली ग्रॅनाइट आहे. आणि तिथे बाबा राहतात, एकटे. दादानं बाबांच्या दुकानात बसायला नकार दिला, तेव्हा त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. पाठोपाठ आई आम्हा दोघांना घेऊन इकडे आली. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही.

११ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिलं. गारगोटीचे कण, कडा धारदार. मध्ये अभ्रकाची चमक. नदीनं वाहून आणलेले कण गोल, गुळगुळीत होतात. हे हललेलेच नाहीत, खडक जागच्या जागी फुटून झालेले. बांधकामाच्या वाळूची शंका होती, तीही गेली. सहकारी म्हणाला, कुठला नमुना? घरचा, म्हटलं.

आईचं आपलं एकच पालुपद. धुऊन टाक तो बूट, काय जिवाला लावून घेतलंस!

१३ नोव्हेंबर
बाबांकडे गेले. खूप थकलेत. चहा ठेवला माझ्यासाठी, साखर विसरले. दादा आला होता का, विचारलं. नाही म्हणाले. मग मी बूट काढून टेबलावर उपडा ठेवला. मागच्या नळापाशी तसाच तांबडा चिखल होता, आत येतानाच पाहिला होता.

त्यांनी बोटानं बुटाच्या खाचेतली माती खरवडली.

"आला होता. नळापाशी उभा राहून हाका मारत होता. मी दार उघडलं नाही."

तिथून परतीच्या बसमध्ये दादा गेला. मी चहा तसाच टाकून उठले. या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. ते मेले तरी नाही!

१४ नोव्हेंबर
आईला कसं सांगू? आज जमलं नाही.

१५ नोव्हेंबर
सांगितलं. आई रडली नाही. भाजी निवडत होती, तीच निवडत राहिली. म्हणाली, "त्या घराचा उंबरा मी इतकी वर्षं झाडला. ती माती मला कळणार नाही? म्हणून तर तो बूट घासला."

का पण, आई?

"तुझा भाऊ गेला. बाप तरी राहावा तुला, म्हणून."