उजव्या डोळ्याने बघणारा मासा आणि तुमची कन्या

तीर्थरूप बाबांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार (एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून; कारण पुढे कळेलच).

तुमचा गुडघा काय म्हणतो? आईंचा खोकला थांबला का? इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमची कन्या आणि माझा मासा सुखरूप पोहोचले असतीलच. ती का आली हे तिने सांगितलं असेल, पण ती पडली दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपलंच बोलायची तिला सवय. तुम्ही जन्मभर लोकांना गाडी शिकवलीत, डावं-उजवं तुमच्याइतकं कोणाला कळणार? म्हणून माझी बाजू तुमच्यापुढे मांडतो. मासा मात्र सोमवारच्या आत परत हवा, कारण तो प्रयोगशाळेचा आहे (तिथे रंगकाम निघालं म्हणून मी त्याला घरी आणलं होतं).

त्याला आम्ही जमादार म्हणतो. लांबी वीतभर, पण दात असे की तुमची कन्यासुद्धा कौतुक करायची. लग्न झाल्यापासून मी एकच गोष्ट बघत आलोय: भक्ष्य कुठूनही सोडा, जमादार अंग वळवून ते आधी उजव्या डोळ्यासमोर आणतो आणि मगच झडप घालतो. आपल्या जातीचा मासा दिसला की मात्र डावा डोळा. म्हणजे खायचं ते उजव्याने बघायचं आणि जीव लावायचा तो डाव्याने. इथवर सगळं ठीक होतं. पण एका सकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आलं, की तुमची कन्या मान तिरपी करून माझ्याकडे फक्त उजव्या डोळ्याने बघतेय. बाबा, म्हणजे मी खायच्या यादीत!

मी खुर्ची बदलली, ती वळली. पलंगाची बाजू बदलली, ती उशी उचलून दुसरीकडे गेली. रस्त्याने मी तिच्या डावीकडून चालू लागलो, तर ती वळसा घालून माझ्या दुसऱ्या अंगाला आली (जमादार अगदी हेच करतो, आणि त्यानंतर फार काही उरत नाही). शेवटी शास्त्राच्या हितासाठी मी तिच्या चष्म्याच्या उजव्या काचेला आतून बिनरंगी नेलपॉलिशचा हलका हात दिला. उजव्याने दिसेनासं झालं की डाव्याने बघेल, एवढा साधा विचार. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्याच दिवशी तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आमचे विभागप्रमुख येऊन बसले. किडलेली दाढ राहिली बाजूला आणि शेजारच्या धडधाकट दाढेला भोक पडलं. तेव्हापासून ते एकाच बाजूने चावतात आणि माझ्याकडे मात्र दोन्ही डोळ्यांनी बघतात.

संध्याकाळी ती रडत घरी आली. डोळा गेला, आता दवाखाना बंद करावा लागणार, असं म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहिलं ते डाव्या डोळ्याने! मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. (इथे माझा अंदाज जरा चुकला.) दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरने तासभर तपासून शेवटी तिचा चष्मा नखाने खरवडला. ती घरी येऊन थेट बॅग भरायला बसली.

मी माफी मागितली नाही असं ती सांगत असेल, तर ते साफ खोटं आहे. मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे जीव लावायच्या बाजूला उभा राहून, हळू आवाजात, अगदी मनापासून माफी मागितली. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. मग जमादाराला झाकणाच्या बादलीत घातलं आणि दारात म्हणाली, "याला निदान मी दिसते."

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करणार? तरी मासा पाठवून द्यावा.

आपला नाकासमोर बघून चालणारा
जावई

ता. क. जमादाराच्या उजवीकडून पाण्यात बोट घालू नये. आईंना विशेष सांगणे.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दवाखान्यातल्या मदतनीस बाई तिची अवजारं न्यायला आल्या. त्यांच्यापुढे मी हीच सगळी कहाणी गायली. त्यांनी अवजारांची पेटी खाली ठेवली. म्हणाल्या, "अहो, डॉक्टरीणबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. नवरा ना तुम्ही?" मग आठवलं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला हे सांगितलं होतं. जमादार त्याच आठवड्यात आला होता. म्हणजे इतकी वर्षं ती मान वळवत होती ती माझं बोलणं ऐकायला, आणि मी बोलत होतो माशांबद्दल. मला फार वाईट वाटतंय, बाबा.

ता. क. शेवटचं. मासा तिकडेच राहू द्या. विभागप्रमुखांचं मी बघतो. तुम्ही फक्त तिच्या उजव्या बाजूला बसा आणि पुढची ओळ मोठ्याने वाचा. दोनदा वाचा, कारण पहिल्यांदा माशाबद्दलच काहीतरी असेल असं समजून ती लक्ष देणार नाही.

माझं चुकलं. घरी ये.