देव दोनदा हसला

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तुझ्या ताब्यातली आमच्या घराची किल्ली, सगळं खुशाल असेल असं धरून चालतो. आमचं परतीचं तिकीट काढलेलं आहे. तेव्हा 'कधी येतोस' म्हणून रोज फोन करू नकोस.

मुख्य बातमी अशी, की तुझी भाची (सातवा महिना, पाऊल जपून टाकते, शब्द मात्र नाही) आम्हाला कायमचं इथेच राहा म्हणते. "बाबा, बाळाशी मराठीत बोलणार कोण?" तुझ्या भावजयीने लगेच होकार दिला. मी म्हटलं, माझं घर, माझी खुर्ची, माझे संध्याकाळचे संस्कृतचे विद्यार्थी यांचं काय? आठवडाभर शास्त्रार्थ चालला. शेवटी लेक वैतागून म्हणाली, "चला, देवालाच विचारू," आणि आम्हाला इथल्या जुन्या चिनी देवळात घेऊन गेली.

पंगतीत दोन धिप्पाड व्याह्यांच्या मध्ये सापडलेल्या काकासारखं हे देऊळ दोन काचेच्या इमारतींमध्ये अंग चोरून बसलं आहे. छपरावरचे ड्रॅगन शेजारच्या बँकेच्या काचेत उमटतात. त्यामुळे बँकेतही ड्रॅगनच कामाला आहेत असं वाटतं. आत उदबत्त्यांचा धूर एवढा, की देवाचं अस्तित्व अनुमानानेच सिद्ध करावं लागतं. (धुरावरून अग्नी सिद्ध करणं मला येतं, देव कुठे आहे ते लेकीने बोटाने दाखवलं.)

कौल लावायची पद्धत सुटसुटीत. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न विचारून जमिनीवर टाकायचे. एकाची सपाट, दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली तर 'हो'. दोन्ही फुगीर वर, तर 'नाही'. दोन्ही सपाट वर आले, तर देव हसला. पुन्हा नीट विचारा.

मी रीतसर संकल्प सोडायला बसलो. गोत्र सांगितलं, पण या शहराला कोणत्या द्वीपात घालावं, इथे अडलो. मागे रांग खोळंबली. शेवटी द्वीप गाळलं आणि विचारलं, की येथे वास्तव्य करणे श्रेयस्कर, अथवा स्वगृही गमन, अथवा सहा-सहा महिने उभयत्र?

देव हसला. मी तोच प्रश्न आणखी सविस्तर विचारला. देव पुन्हा हसला.

"अहो, एक काय ते विचारा! देवाने यातल्या कशाला हो म्हणायचं?" असं म्हणत तुझ्या भावजयीने तुकडे माझ्या हातून घेतले, डोळे मिटले आणि टाकले. स्वच्छ 'हो'.

काय विचारलं, ते देवळात सांगेना. परतताना गाडीत म्हणाली, "राहू का, असं विचारलंच नाही मी. विचारलं, यांना मनातून राहायचंच आहे ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बोगद्याची भिंत होती.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : परक्या देवाचं काय मनावर घ्यायचं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणतो.

ता. क. दुसरा : माझ्या कोशाचे दोन्ही खंड आणि वाचायचा चष्मा पार्सलने पाठव. खुर्ची पाठवता यायची नाही. ती तुझ्याकडे ने, मांजराला बसू दे. किल्ली मात्र कुणाला देऊ नकोस.

ता. क. तिसरा : भावजयीपाशी यातलं अक्षर काढू नकोस. देवाकडून तिने ऐकलं आहे, माझ्या तोंडून अजून नाही. तोवर चहा न मागता मिळतो आहे.