रम, रवा आणि कृष्णातची भट्टी

४ ऑक्टोबर
लिहायचं लिहायचं म्हणत गणपती गेले, दसराही गेला. पण पुस्तक डोक्यात तयार आहे, कागदावर यायचं तेवढं राहिलंय. 'घरच्या घरी कॉकटेल आणि केक'. कव्हरवर माझा फोटो, गॉगलसकट.
माझ्याशी लग्न करायला विद्याश्रीची अट : दिवाळीपर्यंत एक तरी काम शेवटाला ने, नाहीतर बाबांनी आणलेलं निपाणीचं स्थळ मी बघणार. एकच काम? सोपं आहे. उद्यापासून.

६ ऑक्टोबर
काल दोस्त गुंडूच्या नव्या बुलेटवर बिद्रीच्या ढाब्यावर गेलतो. संशोधन.

८ ऑक्टोबर
कॉकटेल विभाग. तांबडा रस्सा, वोडका, लिंबू. नाव 'पन्हाळा सनसेट'. माप लिहिलं नाही, कलाकार अंदाजानं काम करतो. गुंडू चाखून म्हणाला, दारूचं जाऊ दे, रस्सा नासवलास की. त्याला इंटरनॅशनल टेस्ट नाही.

११ ऑक्टोबर
बेकिंग विभाग. मनुके रममध्ये भिजवले. आईला सांगितलं, इसेन्स आहे. आई म्हणाली, ह्या इसेन्सचा वास तुझ्या बावड्याच्या मामाच्या तोंडालाबी येतोय.

१५ ऑक्टोबर, सकाळ
घरी ओव्हन नाही. 'घरच्या घरी'चा अर्थ जरा मोठा घ्यायचा. केकचं पीठ डब्यात ओतून कृष्णातच्या बेकरीत नेलं. दिवाळीची गर्दी. अख्खी गल्ली आपापली नानकटाई त्याच्या भट्टीत भाजायला घेऊन आलेली. माझ्या पुढं विद्याश्रीची आजी गौराबाई, रव्याचा केक घेऊन. त्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन बघतात, दारू नसंल तरच पितात. मी लांबूनच नमस्कार केला.
कृष्णात म्हणाला, डब्याला नावाची चिठ्ठी लाव. मी म्हणालो, माझा केक लाखात ओळखू येतो.
तेवढ्यात गुंडू आला. रंकाळ्यावर भेळ खायला गेलो.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
परत आलो तेव्हा एकच डबा उरलेला. आणला. कापला. आतून रवाळ, मनुका एक नाही. भट्टीच्या उष्णतेनं रमचा रवा होतो का? पुस्तकात नोंद घ्यावी.
आई म्हणाली, जन्मात पहिल्यांदा कायतरी धड केलंस.
अर्धा केक संपल्यावर डोक्यात उजेड पडला.
विद्याश्री फोन उचलत नाही.

१६ ऑक्टोबर, सकाळ
बॅग भरली. नेसरीला आत्याकडं जातो, तिथं शांतपणे लिहिता येईल. हे पळून जाणं नाही.
पायात एक चप्पल घातली तेवढ्यात बाहेर आईचा आवाज, "पावणं, आत या की."
फटीतून बघितलं. विद्याश्रीचे वडील, इरप्पा. कपाळावर विभूती, हातात माझा डबा. रिकामा, धुतलेला. पत्ता कृष्णातनं दिला म्हणे.
आईला गौराबाईंचं सांगतायत, "आमची अव्वा काल गुडघ्याचं नाव न काढता झोपली बघा. आज उठल्यापास्नं तोच केक मागतीय. पोराला बोलवा, काय काय घातलं ते मापासकट सांगू दे. दिवाळीला आम्हीच करतो."
पेन उघडून बसलेत. मापं मी कुठंच लिहिली नाहीत. आठवतीय फक्त बाटली.