बुजाड

प्रिय आत्या,

उद्या अकरा वाजता मी विद्यापीठात एक अर्ज देणार आहे. त्यात माझी एक चूक लिहिली आहे, आणि ती तुझ्या प्रबंधातली आहे. परक्यांनी वाचण्याआधी ती तुला माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. तू होतीस तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

तू शिकवायचीस ती मंगळवेढ्याची शाळा सुटली की तू बांधावर जाऊन बायकांकडून ज्वारीचे शब्द लिहून घ्यायचीस. तो सगळा लघुप्रबंध मी टाइप केला. मी बारावी नापास, तरी तपासायचं कामही तू माझ्यावरच टाकलंस. "तुज्या नजरंतनं एक वेलांटी सुटत न्हाय. मी परत बघत न्हाय." का नाही बघितलंस? एकदा तरी बघायचं होतंस.

रचून ठेवलेल्या कडब्याला आपल्याकडे बुचाड म्हणतात. मी 'बुजाड' टाइप केलं. च आणि ज ही दोन्ही बटणं एकाच करंगळीची, एकावर एक. बाइंडिंग होऊन आल्यावर मला ते दिसलं. तू शेजारी पेढे वाटत होतीस. मी प्रत मिटली आणि पेढा घेतला.

मागच्या आठवड्यात पीएच.डी. करणारे एक सर आमच्या टायपिंगच्या दुकानात आले. तपासणीच्या सॉफ्टवेअरनं त्यांच्या प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य जास्त दाखवलं होतं. "तिसऱ्या प्रकरणातली वाक्यं जरा फिरवून दे," म्हणाले. "टक्केवारी खाली आली म्हणजे झालं."

मी प्रकरण उघडलं. वाक्यं तुझी होती. आणि मधोमध माझं 'बुजाड'. त्यावर सरांनी स्वतःची भर घातली होती: 'या ढिगाला पाखरे बुजतात, त्यावरून बुजाड. हा शब्द संशोधकाने स्त्रियांच्या तोंडून प्रत्यक्ष नोंदवला आहे.'

आत्या, माझ्या करंगळीला व्युत्पत्ती मिळाली! मला हसू आलं. मग तळटीपा पाहिल्या आणि ते गेलं. तू प्रत्येक शब्दाखाली सांगणारीचं नाव आणि गाव लिहिलं होतंस. त्यातलं एकही उरलं नव्हतं. सगळ्या बायकांची मिळून 'एक वृद्ध महिला' झाली होती.

त्या तळटीपांवरून आपण भांडलो होतो, आठवतं? मी वैतागून म्हणालो होतो, "खुरपणाऱ्या बायकांची नावं कशाला? त्या काय वाचायला येणार आहेत?"

"मग शब्द मी घरातनं आणलं व्हय? त्यांच्याच तोंडातनं घेतलं की," तू म्हणालीस. "नाव काढलंस की ती चोरी हाय सतीश. मग वाक्य कितीबी फिरव."

मी सरांना म्हणालो, "फिरवायची गरज नाही सर. तुमचा खुलासा काढू, मूळ वाक्यं अवतरणचिन्हांत घालू, खाली माझ्या आत्याचं नाव आणि त्या बायकांची नावं देऊ. आजच करून देतो."

"संशोधनातलं तुला काय कळतंय? सगळेच असं करतात. आणि हे तिचंच कशावरून?"

"बुजाडवरून. असा शब्दच नाही सर. तो माझ्या हातनं चुकलाय."

त्यांनी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि निघून गेले.

मालकांनी सगळं ऐकलं होतं. मी विद्यापीठात अर्ज देतो म्हटल्यावर ते म्हणाले, "आरं, आपण टायपिंगवालं. 'मी चुकीचं टाइप करतो' म्हणून लिहून दिलंस तर हितं कोण येईल? अर्ज दिलास तर दुकानात येऊ नगंस."

चार दिवसांत अर्ज सहा वेळा लिहिला. एकदा माझी चूक गाळूनही पाहिली, नुसतं 'वाक्ये जुळतात' एवढंच ठेवलं. पण मग सर म्हणणार, मीही त्याच बायकांना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. चूक गाळली की पुरावा गेला, आणि तुझं नावही गेलं. म्हणून सातव्यांदा लिहिताना ती पहिल्याच ओळीत घातली. खाली सही केली, पूर्ण नावानं. तू रागावशील का? रागाव. ते मला चालेल. 'एक वृद्ध महिला' मला चालणार नाही.

भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण अर्ज मी मागे घेणार नाही. हे दुकान सुटलं तर दुसरीकडे बसेन. जिथे बसेन तिथे, समोर कागद घेऊन कुणीही येवो, बटणांवर बोटं ठेवण्याआधी विचारीन, हे कुणाचं आहे? ज्याला सांगता येणार नाही, त्याचं एक अक्षरही माझ्या हातनं उमटणार नाही. तुला शब्द देतो.

तुझा भाचा,
सतीश