आगाफोनच्या दाराची काठी

१२ जून
पोचलो एकदाचा! अर्खांगेल्स्क सोडल्यापासून मोटार, मग मेझेन नदीवर होडी. बसून बसून ढुंगणाची लाकडी फळी झालीय. पण गाव झकास! कापितोलिना मावशीनं शेजारचं रिकामं घर दिलं, पोटात अख्खा मासा भरून भाजलेला पाव दिला, वर टोमणा मारला की वेन्का, शहरात तुला वाऱ्यावर वाळत घालतात का रे? इथं कुलपं नाहीत. घरी कुणी नसलं की दाराला बाहेरून काठी टेकवायची. काठी दिसली की लोक हाकसुद्धा मारत नाहीत. मी म्हटलं, चोरांची मजाच! ती म्हणाली, करून बघ.

१३ जून
करून बघितलं! होडीवाला प्रोकोपीकाका घरात रेकत गात होता, मी गुपचूप त्याच्या दाराला काठी टेकवली. टपालवाली आली. आतलं गाणं तिला ऐकू येत होतं, तरी काठी बघून छातीवर क्रूसाची खूण केली नि सुसाट पळाली! हसून हसून मेलो. काकानं माझा कान पिळला. म्हणाला, माकडा, काठी खोटं बोलत नसते, आणि टोकाच्या घराजवळ फिरकलास तर तंगडं तोडीन.

१४ जून
टोकाचं घर आगाफोनचं. तो जंगलात गेला तो आलाच नाही. तरी काठी कुजली की गाव नवी टेकवतं. का, विचारलं. काका म्हणाला, आगाफोन घरी नाही, हे त्याचं त्याला कळत राहायला हवं.
आता असं सांगितल्यावर मी गप्प बसणार होय? भर दुपारी त्याच्या दाराची काठी उचलून आणली. ठेवलीय माझ्या घरातल्या भट्टीमागे; ही भट्टी म्हणजे मातीचा भला मोठा ओटाच, थंडीत लोक वर चढून झोपतात.

१५ जून
आगाफोनच्या धुराड्यातून धूर येतोय.
मावशीनं विचारलं, काठी तू काढलीस? मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत ठेव.
भट्टीमागे काठी नाही. घरभर शोधली. नाही.
काका उद्या दुपारी मला होडीतून परत नेणार. दाराशी येऊन हाक मारीन म्हणाला.

१६ जून
दार उघडत नाही. खिडकीच्या काचेला गाल लावून तिरकं बघितलं — काठी. माझ्या दाराला. तीच.
काका आला! काच फोडली, बोंबललो, हात बाहेर काढला — खिडकी एवढीशी, डोकंही जात नाही. त्यानं काठीकडे बघितलं. टोपी काढली. वळला.
मावशी पण. ऐकू जातंय तिला. रडत होती. थांबली नाही.
होडी सुरू झाली —
लांब गेली —

भट्टीवरून कुणीतरी उतरलं. पाय ओले.
शांतपणे विचारलं, घरात कोण आहे?
ओरडलो, मी! मी आहे, वेन्का!
म्हणाला, दाराला तर काठी आहे. घरात कुणी नाही. मग हे लिहितंय को—