दुसऱ्या कुत्र्याची सोय

मी, खाली सही करणारी, प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, अविवाहित, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अक्षर कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावले. अपराधीपणही त्यांनीच लावले, आणि दोन्ही अजून टिकून आहेत. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. तो मुद्दाम मागून घेतला, कारण खुब्याचे ऑपरेशन करून मी घरी आले तेव्हा माझ्या भाच्याने तिच्यावर शंका घेतली होती. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाच्याला मिळावे. तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आणि तिसरीतला माझा विद्यार्थी. त्याला दारातले पायपुसणेदेखील द्यायचे नाही, असे मी बरेच दिवस ठरवून बसले होते. का बदलले, ते कलम ४ मध्ये.

२. बँकेतली ठेव जनावरांच्या दवाखान्याला. त्यांनी माझ्या नावाची पाटी लावू नये. लावल्यास ठेव परत घ्यावी.

३. ‘प्राणिमित्र शिक्षिका’ असे कोरलेला पितळी वाडगा शाळेने मला निरोपाच्या वेळी दिला. त्यात कुत्र्याला पाणी ठेवावे. सध्या तेच चालू आहे.

४. आता कुत्रा. दवाखान्यात जाताना मी माझा म्हातारा खजूर भाच्याकडे ठेवला. परत आले तेव्हा दारात एक तपकिरी कुत्रा आला, माझी काठी हुंगली आणि निघून गेला. खजुराने मला कधी धड चप्पल काढू दिली नव्हती.

“हा खजूर नाही,” मी म्हणाले.

“आत्या, भूल उतरायला वेळ लागतो,” भाचा म्हणाला.

“तुमच्याविना खंगला हो बिचारा,” ही भाचेसून.

मी त्या खंगलेल्याचे तोंड उघडून पाहिले. खजुराचे पडलेले दात परत आले होते. असले ऑपरेशन मलाही हवे आहे, असे मी म्हटले, तेव्हा भाचेसून आत गेली आणि भाचा खुर्चीवर बसला.

मग खरे बाहेर आले. खजूर गच्चीत बांधलेला होता. पाणी भरायचे काम भाच्याच्या पोरीकडे, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या नातीकडे. ती विसरली. भर उन्हाचा दिवस, आणि दोन मोठ्या माणसांपैकी एकानेही वर जाऊन पाहिले नाही. खजूर तहानेने गेला.

“तिने जन्मभर मनाला लावून घेतलं असतं गं. ती शाळेतून यायच्या आत दुसरा आणला.”

“एवढ्याशा पोरीला फसवतोस? लाज नाही वाटत? कुणी शिकवलं तुला हे?”

“तू.”

माझ्या वर्गात कापूस नावाचा ससा असे. ज्याचा गृहपाठ उत्तम, त्याला शनिवारी ससा घरी न्यायला मिळे. गृहपाठ उत्तम असणाऱ्याला ससा सांभाळता येतो, ही माझी अक्कल. काही सोमवारी एखादा बाप हातात खोके घेऊन, खाली मान घालून शाळेच्या फाटकाशी उभा असे. मी तास सुरू व्हायच्या आत बाजार गाठी. ससेवाला मला लांबूनच विचारायचा, “काय बाई, नेहमीचाच?” पालक खूश, मुख्याध्यापिका खूश. वर्गात कुणी रडत नसे.

“आमच्याकडे मी त्याला रात्रभर पेटीत कोंडलं होतं,” भाचा म्हणाला. “सोमवारी तू मला तो दाखवलास. म्हणालीस, बघ, बरा झाला. आत्या, मी त्याला हात लावला होता. गार होता तो.”

मी उगारलेली काठी खाली घेतली.

इतकी वर्षे मी फळ्यावर ‘मुक्या जिवांवर दया करा’ असे वळणदार अक्षरात लिहिले आणि खाली शिकवले काय, तर ससा खडूसारखा असतो. संपला की डब्यातून नवा काढायचा. ज्या मुलाने हे सर्वांत नीट ऐकले, त्याला मी काठी उगारत होते. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या बाकीच्यांच्या घरी कोण कोण तहानलेले असेल, हे मनात आले की माझी मान वर होत नाही.

५. आत्ताचा कुत्रा निर्दोष आहे. तो नातीला द्यावा. पाणी तिने भरावे आणि भरले की नाही ते रोज एका मोठ्या माणसाने स्वतः जाऊन पाहावे. मुलावर काम सोपवले म्हणजे आपण सुटलो, असे नव्हे. तो मरेल तेव्हा तिला त्याच दिवशी सांगावे, त्याला हात लावू द्यावा, रडू द्यावे. ती स्वतः मागेपर्यंत नवा आणू नये.

६. ‘भाच्याने मुलीला खरे सांगितल्याशिवाय घराचा ताबा मिळू नये’, हे कलम खोडले आहे. दुसऱ्यावर ढकलायची ही माझी शेवटची खोड. काल मी नातीला जवळ बसवून स्वतः सांगितले. ती कुत्र्याची मान खाजवत होती.

“मला माहितीये, आत्याआजी. खजूर बिस्कीट घेताना डोळे मिटायचा. हा नाही मिटत.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू आजारी होतीस ना. तू रडली असतीस.” तिने खाजवणे थांबवले. “पाणी मीच विसरले ना?”

खोटे अगदी जिभेवर आले होते. सवयीचे होते.

“हो,” मी म्हणाले. “तू विसरलीस. आणि आम्ही मोठ्यांनी पाहिलं नाही, हे त्याहून वाईट.”

ती रडली. मी तिला गप्प केले नाही. नंतर ती उठली, वाडगा घासला, भरला, आणि माझ्या कानात सांगितले की मी नसताना ती याला दुसऱ्या नावाने हाक मारते, कारण बसण्याआधी हा स्वतःभोवती गरगर फिरतो.

७. तरी वर जिथे जिथे ‘आत्ताचा कुत्रा’ किंवा ‘दुसरा’ म्हटले आहे, तिथे तिथे ‘भोवरा’ असे वाचावे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ मार्च

सही : मोठ्या बाई (शाळेत याच नावाने ओळखत)

आमच्यासमोर सही केली, आणि करताना बाई शुद्धीवर व रागात होत्या :
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
२. जनावरांच्या डॉक्टरीणबाई